लोकर कमी करण्याचा बुधवार

सावेडी, अहिल्यानगर
(गावाचं नवं नाव हाताला समजलं, जिभेला अजून नाही.)

तीर्थरूप वन्संना मालनचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल चोळता, की बाटली नुसती उशाशी ठेवता? इकडे तुमचे भाऊ ठणठणीत आहेत. निवृत्त झाल्यापासून पेपर जाहिरातींसकट वाचतात आणि दुपारी मला मोठ्याने ऐकवतात, तेवढं सोडलं तर तब्येतीची काही तक्रार नाही. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत आटोपतं घेता, आणि मला जे सांगायचंय ते दोन वाक्यांत मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या लोकरीची कीर्ती नेवाशापर्यंत पोचलीच असेल. दिवाण भरला, माळा भरला, तांदळाच्या जुन्या कोठीत तांबड्या छटा गेल्या. हिवाळ्यात कूलर रिकामाच असतो म्हणून पांढरी लोकर मी त्यात ठेवली (आणि विसरले). उन्हाळा लागल्यावर यांनी व्याह्यांसमोर ऐटीत बटण दाबलं. पंख्याने एक टोक पकडलं, अख्खा गुंडा स्वतःभोवती गुंडाळून घेतला आणि गुरगुरत बंद पडला. व्याह्यांच्या मिशीला लोकरीचे तंतू लागले होते. ते गेल्यावर हे एवढंच म्हणाले, “मालन, हे सगळं तू विणणार कधी?” प्रश्न रागाचा नव्हता, म्हणूनच जास्त लागला. मी म्हटलं, विणली की तिचा स्वेटर होतो आणि विषय संपतो. न विणलेली लोकर मात्र कुणासाठीही काहीही होऊ शकते. त्यावर हे म्हणाले, “मग एकदा विषय संपू दे की.”

न विणलेल्या लोकरीचं हे सुख खरं फक्त मुबारकबींना कळायचं. त्यांची माझी ओळख कापडबाजारातली, तीही ऐन मे महिन्यात. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि दुकानात लोकर मागणाऱ्या आम्ही दोघीच. दुकानदाराला वाटलं आम्हाला ऊन लागलंय. मुबारकबी त्याला म्हणाल्या, “थंडीत काय, कुनीबी घेतंय!” मी तिथल्या तिथे त्यांची झाले. पुढे झेंडीगेटला त्यांच्या ओसरीवर आमचा बुधवार सुरू झाला. बालवाडीच्या रुपालीबाई आल्या, त्यांच्यामागून आणखी दोघीचौघी. चादर अंथरायची, आपापली लोकर मांडायची, एकमेकींच्या लोकरीवर हात फिरवायचा. विणणं थोडं, बोलणं फार. नवऱ्याचं ऑपरेशन असो की सुनेचा अबोला, हातात लोकर असली की सांगायला सोपं जातं. वर बघावं लागत नाही.

तीनेक महिन्यांपूर्वी मुबारकबींनी सुया बाजूला ठेवल्या. “माझ्या पोराचं, जीशानचं, सुप्याच्या कंपनीतलं काम सुटलं. आता चाकणला लागलाय. मला घेऊन चाललाय. तिथलं घर ल्हान हाय. लोकरीची एकच पिशवी घ्या म्हनला. पुढच्या बुधवारी या आन् बाकीची वाटून न्या.”

पुढच्या बुधवारी त्यांनी पेटी उघडली. वन्सं, इतक्या वर्षांत ती पेटी आम्ही तळापर्यंत कधी पाहिली नव्हती. त्या एकेक गुंडा काढत होत्या आणि सांगत होत्या. ही पिवळी जीशान पाळण्यात होता तेव्हाची. (जीशानला आता टक्कल पडू लागलंय.) ही करडी धाकट्या बहिणीच्या शालीसाठी, बहीण गेली, लोकर राहिली. ही कशाला घेतली आठवत नाही, पण त्या दिवशी खूष होते, एवढं आठवतंय.

हात कुणी पुढे करेना. एरवी एकेका गुंड्यासाठी आम्ही गोडीगुलाबीने भांडलेल्या बाया. त्या दिवशी सगळ्या सुतकाला आल्यासारख्या बसून होतो. शेवटी मुबारकबीच चिडल्या. “घ्या की गं! तुमी न्हाई घेतली तर भंगारवाला नेईल.” तेव्हा कुठे एकेकीने उचलली. करडी माझ्याकडे आली.

मग त्या चहा टाकायला आत गेल्या. त्यांच्या न्यायच्या पिशवीची चेन अर्धी उघडी होती. खरं सांगते, मी घरूनच ठरवून आले होते. माझ्याकडची सगळ्यांत मऊ, बदामी रंगाची लोकर पर्समधून काढली आणि पिशवीच्या तळाशी सरकवली. तिथे माझा हात दुसऱ्या एका हाताला लागला. रुपालीबाईंचा. दोघींनी एकमेकींकडे न बघता हात काढून घेतले. मागच्या दोघी भिंतीवरचं कॅलेंडर फारच लक्ष देऊन वाचत होत्या, तेव्हा त्यांचंही काम आधीच उरकलेलं असावं.

चहा झाला. जीशान पिशवी न्यायला आला. त्याने बंद उचलला, चेन फाटली आणि ओसरीभर रंगच रंग झाले. “अम्मी, एकच पिशवी बोले थे ना? कम करना था ना?” तो बिचारा गुंड्यांमागे धावत होता. मुबारकबी बघत राहिल्या. त्यातली निम्मी लोकर त्यांची नव्हतीच. त्यांनी एकेक गुंडा पाहिला, मग एकेकीचं तोंड पाहिलं, आणि उंबऱ्यावर बसून पदर डोळ्यांना लावला. आम्हीही सुरू झालो. थोड्या वेळाने पदराआडून आवाज आला, “ही हिरवी कुनाची? लई भंगार रंग हाय.” रुपालीबाई रडता रडता म्हणाल्या, “माझी.” मग जे हसू फुटलं ते आवरेना. जीशानने आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि आतून दुसरी पिशवी आणली.

आता बुधवार आमच्याकडे भरतो. पहिल्या बुधवारी हे पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले. दुसऱ्या बुधवारी लडीचा गुंडा करायला कुणीतरी दोन हात मागितले, आणि तेव्हापासून हे हात पुढे करून, लडी ताणून बसलेले असतात. नाक खाजलं तरी हलत नाहीत. मुबारकबी व्हिडिओ कॉलवर येतात. सुरुवातीला म्हणायच्या, इथं खाली बाग आहे, पण कुणी कुणाशी बोलत नाही. फोनमध्ये त्यांच्यापेक्षा त्यांचं छतच जास्त दिसायचं. मध्यंतरी एकदा बागेतूनच फोन आला, तर शेजारी एक अनोळखी बाई बसलेली. “या उन्हात स्वेटर कशाला?” असं विचारायला आली आणि उठलीच नाही म्हणे. आता तिच्या मैत्रिणीही येतात. आम्हाला आनंद झाला, आणि जरासं पोटातही दुखलं. त्या रात्री करडी लोकर मांडीवर घेऊन बसले होते. विणायला मात्र घेतली नाही.

बाकी क्षेम. गुडघ्याला जपा, आणि उत्तर चार ओळींचं का होईना, धाडा.

तुमची,
मालन

ता. क. श्रीरामपूरला एक जुनं लोकरीचं दुकान बंद झालं. उरलेला माल आमच्या मंडळाने उचलला आहे. आमच्याकडे सुईलासुद्धा जागा नाही. तेव्हा शुक्रवारी सकाळी मच्छिंद्र नावाचा टेम्पोवाला तुमच्या दारात पोती उतरवेल. तुमची मागची खोली मोकळीच असते ना? तुमच्या भावांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी विचारलं तर गाद्यांचा कापूस आहे म्हणा.

दुसरा ता. क. भावांनी आत्ताच पत्र खांद्यावरून वाचलं. म्हणतात, “आक्काच्या मागच्या खोलीत ओल येते. पोती खाली नको, फळ्यांवर ठेवायला सांग.” फळ्या मारायला ते स्वतः टेम्पोत बसून येतायत. खिळे घेऊन झालेसुद्धा.

तिसरा ता. क. पोती उतरली की एखादं उघडून बघा. काही आवडलं तर ठेवून घ्या आणि एखाद्या बुधवारी घेऊन या. विणता येत नाही म्हणून मागे राहू नका. आमच्यातल्या निम्म्याजणींना कुठे येतं?