गोदामाच्या दिव्यांची खरखर

मंगळवार, संध्याकाळ. वाडी.

प्रगतीच्या कॉलेजचा छोटा उपग्रह आज शेवटचा नागपूरवरून गेला. त्याची बॅटरी संपत आली होती. माझी ही पुतणी आठवडाभर माझ्याच गोदामाच्या गच्चीवर अँटेना लावून त्याचे संदेश पकडत होती, आणि दरवेळी मध्ये खरखर.

"मोठेबाबा, तुम्ही रेडिओ दुरुस्त करत होते ना? सांगा ना मले, ही कुठून येऊन राहिली?"

"हायवेवरच्या ट्रकांची असंल वं."

साफ खोटं. याच कानांवर रेडिओ-दुरुस्तीचं दुकान उभं केलं, मग गोदाम. पहिल्याच दिवशी कळलं होतं, खरखर आमच्या आवारातल्या स्वस्त एलईडी दिव्यांची आहे. पण सांगितलं असतं तर उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत रोज दहा मिनिटं दिवे बंद, माल भरणं बंद. दहाच मिनिटं! काहून गप्प बसलो मी?

आज उपग्रह क्षितिजाखाली गेला, माहिती अर्धीच उतरली. तेवढ्यात ट्रक भरून झाला म्हणून हमालाने दिवे मालवले. खरखर एकदम थांबली.

प्रगतीने खाली अंधारात पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमचे कान तर लय तेज होते, मोठेबाबा," एवढंच म्हणाली आणि वायर गुंडाळू लागली.