भल्लाकडे गेलेली बंदूक

चि. सूनबाई हेमांगी,

तू बाजारातून येईपर्यंत थांबलो असतो, पण तू मला जाऊ दिलं नसतंस. मी पोलीस ठाण्यात जातोय. दूध तापवून झाकून ठेवलंय.

काल गुडगावला बिल्डर भल्लाच्या पुतण्याने वरातीत बंदूक उडवली. एका बँडवाल्याच्या खांद्यात छर्रे घुसले. बंदूक आपलीच, दुनळी. विकली खरी, पण भल्लाच्या लायसन्सवर तिची नोंद अजून झालेली नाही. सरकारदरबारी ती माझ्याच नावावर आहे. सकाळी भल्लाला फोनवर म्हटलं, आज तरी ट्रान्सफरच्या कागदांवर सही करा. तो हसला. म्हणाला, "अंकलजी, कागज़ चाहिए या फ्लैट की चाबी?"

दीनानाथ म्हणतो, भल्लाकडे पैसे भरलेल्या फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत गप्प बसा. त्याचंही चूक नाही. तो रिटायर झाला की हे सरकारी क्वार्टर जाणार, मग आपण राहायचं कुठे? पण तो बँडवाला इस्पितळात पडलाय, मग मी गप्प कसा बसू?

विक्रीची सरकारी परवानगी यायच्या आधीच दीनानाथने बंदूक भल्ला नसताना त्याच्या गाडीत ठेवली, हे आपल्या तिघांनाच ठाऊक आहे. ती मीच दिली असं मी सांगणार. तूही तेच सांग. लेकासाठी एवढं खोटं मी बोलेन. त्याची पेन्शन अडकायला नको.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि स्वेटर बरोबर घेतलाय. त्याला ऑफिसात फोन करू नकोस. तो धावत ठाण्यात येईल आणि खरं सांगून बसेल.

अण्णा