मुलगा बघायला आलेला माणूस

नाशिक, ५ ऑक्टोबर २००७

ती. प्रतिभाताईस,
शि. सा. न.

माझं सगळं बदललं ते बुधवारी सकाळी, आपल्या आईने बँकेच्या वसुलीवाल्याला पोहे खायला घातले तेव्हा. फोनच करणार होतो, पण तुमचा फोन तुझ्या सासऱ्यांच्या उशाशी.

कॉलेज सोडून मोबाईलच्या दुकानात लागलो तेव्हा क्रेडिट कार्ड घेतलं, हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या मैत्रिणीला, निकिताला हँडसेट, तिच्या वाढदिवसाला ड्रेस, मग माझे बूट. बिलावर ‘किमान रक्कम’ छापलेली असते, तेवढी मी हप्ता समजून दर महिन्याला भरली. चौदा महिने भरली गं! तरी एकतीस हजार उभेच. मग चिडून भरणंच बंद केलं.

त्या माणसाने घरी येऊन विचारलं, मुलगा काय करतो, पगार किती, घर स्वतःचं का, मळा किती. आईला वाटलं, मुलीकडचे आलेत. तिने पगार पंधरा हजार सांगितला, दीड एकराचे तीन एकर केले, वर पोराला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही म्हणाली. त्याने सगळं लिहून घेतलं. साडेचार हजार पगार म्हणून बँक व्याजात सूट देणार होती, ती गेली. आता तो दसऱ्यानंतर पुन्हा येणार आहे. आई तेव्हापासून खुशीत. सोफ्याची कव्हरं धुतलीत, अण्णांना रोज दाढी करायला लावते. त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटते. पण आईला कोणत्या तोंडाने सांगू?

रुद्रचा पापा घे. रागाव हवी तेवढी, माया मात्र कमी करू नकोस.

तुझा महेश

सटाणा, १० ऑक्टोबर २००७

चि. महेशास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. तुझ्यासाठी आईने तीन एकर केले! माझ्या वेळी मुलगी जरा सावळी आहे, हे तिने न विचारताच सांगून टाकलं होतं.

कॉलर धरू नकोस. कॉलेजात क्लार्कची धरलीस, त्याचं काय झालं ते आठव. हे नुकतेच कांदा विकून आलेत, मागितले तर पाच हजार देतील. पण मी मागणार नाही. पैसे आले की तू आईला सांगणार नाहीस, आणि ती दर बुधवारी पोहे भिजवून बसेल. ते मला सोसायचं नाही. तिला तूच सांग. निकितालाही सांग. बिचारीला वाटत असेल, राजपुत्र मिळालाय.

तुझ्या भाच्याला दात आला. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी ताई

नाशिक, २४ ऑक्टोबर २००७

ती. ताईस,
शि. सा. न.

दसऱ्याआधी धीर झाला नाही. काल सांगितलं. आई शिल्लक राहिलेल्या झेंडूच्या माळा सोडवत होती. मी सांगत गेलो, ती सोडवत राहिली. शेवटी एवढंच विचारलं, म्हणजे मुलगी नाहीच का? ताई, तिने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग उठून लग्नासाठी साठवलेले अकरा हजार माझ्यापुढे ठेवले. मी ओरडलो, तुझ्या पैशाला हात लावणार नाही. ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली, तुझ्याच लग्नाचे आहेत आणि ते काही उद्या नाही. अण्णांनी झेंडूचे सहा हजार त्यावर ठेवले आणि आता दाढीतून सुटलो, एवढंच म्हणाले. उरलेले चौदा, माझ्या पगारातले दोन-दोन हजार घालून फेडायचे. केबल बंद, आईची मालिका शेजारच्या भागीबाईंकडे.

निकिता हँडसेट परत द्यायला लागली. मी चिडलो, तीही चिडली. शेवटी कर्ज फिटेपर्यंत चहा तिने पाजायचा ठरलं, तोही एकात दोघं.

तुझा हात डोक्यावर असू दे, आणि कान उपटायला पत्र लिहीत जा.

तुझा महेश

ता. क. बँकेत पैसे भरायला जाताना पोस्टात उभ्याने लिहितोय. निघताना आई नवी साडी नेसून तयार. बँकेत येते म्हणाली; पगार आपण खोटा सांगितला, तर साहेबांची माफीही आपणच मागू, म्हणजे सूट पुन्हा मिळेल. तिला त्या काउंटरपुढे हात जोडताना मला बघवलं नसतं. पगाराची चिठ्ठी मी दाखवतो म्हटलं, तिला खुर्चीत बसवलं, पैसे खिशात घातले. ती पुन्हा उठायच्या आत बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.