तीस पोत्यांचा रायडर

१४ सप्टेंबर, रविवार
माझं नाव फायनल. महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी हेमांगीताईंनी आत्ताच फोनवर कन्फर्म केलं. ५ ऑक्टोबर, राजधानीतलं द्वारका, तीस किलोमीटर सायकल. कारण उदात्त: मंडळाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या कौशल्याबाईंचं घर. भिंती उभ्या आहेत, वर ताडपत्री. मागच्या थंडीत रात्रभर दव टपकायचं, नातीचा खोकला हटेना. स्लॅबला तीस पोती सिमेंट हवं. ते माझा मेहुणा श्रीपाद देणार. नोएडात त्याचं दुकान आहे. अट: माझ्या किलोमीटरमागे एक पोतं. म्हणाला, भाऊजी, माझं गोडाऊन एकदम सेफ आहे. हसला. हसू दे.

१५ सप्टेंबर
ट्रेनिंग आजपासूनच होतं. पण पितृपक्ष चालू आहे. माझा विश्वास नाही, तरी दुसऱ्याच्या घराचा प्रश्न, रिस्क नको. वृंदाने विचारलं, अहो, मग हेल्मेट कसं ऑर्डर केलंत? हेल्मेट वेगळं.

२२ सप्टेंबर
घटस्थापना. उत्तम दिवस. पण घरात सायकल एकच, आणि ती घेऊन वृंदा शाळेत शिकवायला जाते. रोज. माणसाने ट्रेनिंग करायचं कधी?

२३ सप्टेंबर
ती पाचलाच परत येते, असं तिने लक्षात आणून दिलं. पाचला माझा चहा असतो.

२७ सप्टेंबर
नवरात्राचे उपास. साबुदाण्याची खिचडी, दोन प्लेट. खेळाडू याला कार्ब लोडिंग म्हणतात.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सायकलची पूजा केली. हळदकुंकू, हँडलपासून कॅरिअरपर्यंत झेंडूची माळ. आज यंत्राला विश्रांती, त्यामुळे प्रॅक्टिस नाही. आर्यन म्हणाला, बाबा, पूजा आईची करा ना, चलाती तो वही है. पोराचं मराठी पार गेलं.

४ ऑक्टोबर
रेसच्या आदल्या दिवशी आरामच करतात. कौशल्याबाई लाडू घेऊन आल्या. म्हणाल्या, साहेब, स्लॅब पडला की गच्चीवर पहिलं पान तुमचं. मग हळूच विचारलं, पण जमेल ना? मी नुसता हसलो.

५ ऑक्टोबर, सकाळी ७
माळ तशीच ठेवली. फोटोत छान दिसते. वृंदा म्हणाली, काढा ती. स्त्रियांना प्रसिद्धीचं वावडं असतं.

सकाळी ७.४०
पहिल्याच चौकात माळेचा दोरा साखळीत गुंतला. चाक जाम. मी दुभाजकावरच्या कण्हेरीत. श्रीपादने जाहीर केलं: अर्धा किलोमीटर. भाऊजी, अर्धं पोतं विकत नाही हो आम्ही.
कौशल्याबाई कडेला उभ्या होत्या. पुढे आल्या. माझ्या गुडघ्याला पाणी लावलं.
वृंदाने कात्री मागवली, दोरा कापला, माझं हेल्मेट काढून घेतलं, ओढणी कमरेला बांधली आणि गेली.

रात्री
वृंदा साडेएकोणतीस, मी अर्धा. आम्ही दोघांनी मिळून तीस पूर्ण केले. श्रीपादचं हसू गेलं. सख्ख्या बहिणीला नाही कसं म्हणणार? पहिलं पान आता वृंदाताईंचं, असं कौशल्याबाईंनी कळवलंय. माझं पंगतीत कुठेतरी.
येत्या रविवारी स्लॅब. हेमांगीताई म्हणतात, घमेली वर द्यायला माणसं कमी आहेत. वृंदाने माझं नाव दिलंय.
ट्रेनिंग उद्यापासून. गुडघा बघून.