लपवलेली वाटी

प्रिय ताई, तुला आणि आईला तुमच्या धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे? तुझा खोकला गेला का?

तळमजल्यावरचे घड्याळवाले आजोबा वारले, हे कळवलं होतंच. त्यांचं कुत्रं त्यानंतरही त्यांच्या बंद दाराशीच बसायचं. आमच्या घरमालकांनी या निष्ठेचा व्हिडिओ काढला. कुत्र्याच्या गळ्यात पडून असे रडले, की सख्खा भाऊ गेल्यावरही रडले नसतील. आता तो बघून सगळी गल्ली डोळे पुसतेय. जन्मात कधी आजोबांना 'कसे आहात' म्हणून न विचारलेली माणसं!

पोट भरलेलं असलं की कुत्रं कॅमेऱ्यासमोर शेपटी हलवायचं, म्हणून या सद्गृहस्थांनी त्याची वाटीच लपवली. उपाशी असलं की छान दुःखी दिसतं म्हणे. मला किळस आली. मी त्याला उचलून वर खोलीत आणलं.

मालक लगेच दारात हजर. "खोलीत जनावर चालणार नाही. त्याला खालीच बसू द्या."

"काल तर गळ्यात पडला होतात!"

"अहो, ते लोकांसाठी! कुत्रं हवं असेल तर खोली सोडा."

हे मी मायेपोटी केलं की मालकांची जिरवायला, ते अजून ठरत नाही. डायरीत दोन्ही लिहून खोडलं. कुत्र्याला त्याचं काही नाही. माझी वाटी चाटूनपुसून ते माझ्या बुटावर हनुवटी टेकून झोपलंय.

आईला फक्त मजेत आहे म्हणून सांग. आणि उत्तर या पत्त्यावर पाठवू नकोस.

तुझा,
धाकटा