नानांची पागडी

४ फेब्रुवारी
मरोळला त्या बालवाडीवाल्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले एकदाची! फ्रँचायझीचं काम बघणारी श्वेता नावाची मुलगी भेटली. म्हटलं, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बालवाडीत शिकवलं, आता बोरीवलीत स्वतःची काढायचीय – तुमच्या नावाने. "झकास, मॅडम!" म्हणाली आणि कागद पुढे सरकवला. सुरुवातीची फी सहा लाख. जागेचं भाडं वेगळं. रंगकाम, खेळणी वेगळी. दर महिन्याच्या कमाईतला हिस्सा तोही वेगळा! मग हे सहा लाख नक्की कशाचे? विचारायची लाज वाटली. आणि वर्गात मी रोज सांगते – समजलं नाही तर हात वर करा!

६ फेब्रुवारी
सुयोग म्हणाला, "अगं, नुसत्या पाटीचे सहा लाख?" नवरा म्हणून बोलला की खजिनदार म्हणून, कळलं नाही.

सासरे आतून ऐकत होते. नानांनी परळची खोली गेल्या वर्षी विकली, ते पैसे बँकेत आहेत. म्हणाले, माझे घे. मी साफ नाही म्हटलं. जन्मभर गिरणीत राबून घेतलेली खोली ती! जे परत करता येणार नाही त्याला मी हात लावणार नाही. नाना रागावले. सोलकढीसुद्धा तशीच ठेवून उठले.

१५ फेब्रुवारी
आज नाना खुशीत! समोर बसवून समजावलं. "अगो, ही फी म्हणजे आपली पागडीच. खोली घेताना मालकाक पागडी दिली, सोडताना त्याचो वाटो देऊन आपले पैसे गावले मां? तशी ही पण येतली. घे गो."

खरंच की! इतकं सोपं होतं. बालवाडी नाहीच चालली, तरी दुसऱ्या कुणाला देऊन नानांचे पैसे परत करता येतील. हो म्हटलं.

१६ फेब्रुवारी
भिंत पिवळी करायची. खाली, मुलांचा हात पोचतो तिथवर, फळ्याचा रंग. रेघोट्या मारू देत खुशाल!

२ मार्च
मुलुंडला माधुरीताईंकडे गेले. याच कंपनीची बालवाडी त्या चालवतात. पागडीचं बोलले तर हसायलाच लागल्या. "फी परत? कोण म्हणालं गं तुला? गेली ती गेली. पाच वर्षं त्यांचं नाव वापरायचं, ट्रेनिंग, तयार अभ्यासक्रम – त्याचे पैसे ते. मध्येच दुसऱ्याला द्यायची तर कंपनीची परवानगी, आणि पाच वर्षांनी पुन्हा फी."

वाट लागली!

मग तुम्ही का भरली, विचारलं. "पहिल्या वर्षी मला कोण ओळखत होतं? पालक आले ते पाटी बघून. आता माझ्यासाठी येतात. पाटी नसती तर तेव्हाच गाशा गुंडाळला असता." वर एक बजावलं – आसपास दुसरी शाखा देणार नाही, हे लिहून घे. त्यांनी घेतलं नव्हतं. आता दोन गल्ल्या सोडून तीच पाटी!

म्हणजे फी फुकट नाही. पण परतही नाही.

३ मार्च
नको. नानांचे पैसे असे बुडवायचे नाहीत. पिवळा रंग डोळ्यांसमोरून जात नाहीये. खूप रडले. नानांना अजून सांगितलेलं नाही. बिचारे पागडीच धरून बसलेत.

५ मार्च
श्वेताला नकार द्यायला गेले. म्हटलं, पैसे सासऱ्यांचे, आणि त्यांना वाटतंय फी परत मिळते. ती बघतच राहिली. "मॅडम, तुमचे सासरे येऊन गेलेत की इथे! तुमच्यानंतर आठवड्याभरात. त्यांनी पहिलं हेच विचारलं. मी स्पष्ट सांगितलं, एक रुपया परत नाही. तर म्हणाले, सुनेला सांगू नको, ती घेणार नाही."

आसपास दुसरी शाखा नाही, हे लिहून घेतलं. मग सही केली.

घरी आले तर नाना दारातच. "काय गो, परत देतत मां?"

"देतात, नाना."