वीस माणसांचे पाटे

अब्बा, मागच्या परसातली तुमची शर्यतीची गाडी पुन्हा चालू झाली आहे. घरात आपण जी बोली बोलतो ती कागदावर कशी उतरवायची हे मला कुणी शिकवलं नाही. मला लिहिता येते ती नववीपर्यंतच्या शाळेतली मराठी, म्हणून तीच वापरतो. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. यावरून तुम्ही हसायचात. मी प्रत्येक नट पिळला की त्यावर खडूने रेघ ओढायचो, आणि जेवता जेवता उठून पुन्हा बघून यायचो. तुम्ही म्हणायचात, "नट है बेटा, अंडा नहीं. फुटणार नाही. बस, जेव." तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी अजून ताटावरून उठतो, आणि आता अम्मी ओरडते.

तुम्ही ठेवून गेलात तशी गाडी राहिली नव्हती. ताडपत्री फाटली, सीटच्या पत्र्यात पाणी साचलं, आणि अम्मीच्या कोंबड्या त्यात अंडी घालू लागल्या. भंगारवाला अधूनमधून कुंपणावरून डोकावायचा. "भाभी, कधी उचलू?" अम्मी म्हणायची, "आत्ता ने. माझ्या भावाचा खांदा खाल्ला तिने, अजून काय ठेवायची?" मग तो खरोखरच दोर आणि दोन माणसं घेऊन आला की म्हणायची, "आज नको, कोंबडी बसलीय अंड्यांवर." कोंबडी कधीच उठली नाही. शेवटी मीच म्हटलं, अम्मी, विकायची तर विकू, पण आधी मला ती एकदा उघडून बघू दे. तिने ताटातला तांदूळ निवडता निवडता वर पाहिलं. "काय बघणार आहेस त्यात?" मला काय बघायचं होतं ते तिलाही ठाऊक होतं. गाडी कुणामुळे उलटली, तुमच्यामुळे की मामूमुळे, एवढंच आमच्या घरात इतकी वर्षं कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

ती गाडी झाली कशी, ते मला नीट आठवतं. मुंबईचे काही शौकीन लोक जीप घेऊन डोंगरात फिरायला आले होते. त्यांचा एक्सल मोडला आणि कुणीतरी त्यांना आपल्या दुरुस्तीच्या कारखान्याच्या दारात आणून सोडलं. तुम्ही काम करत होतात आणि ते अम्मीचा चहा पीत सांगत होते की नाशिकच्या बाजूला माळावर गाड्यांची शर्यत असते, रस्ता नसतो, खड्डे, नाले, चढ, सगळं तसंच पार करायचं. तुम्ही गाडीखालून विचारलंत, "रस्ता नाही? मग ती शर्यत कसली? आमच्या मोखाड्याची जीप रोज तेच करते." ते हसले. "मग आणा ना उस्ताद, तुमची गाडी." ते विसरून गेले असतील. तुम्ही नाही विसरलात. घाटात कोसळलेल्या एका जीपची चेसिस तुम्ही आणलीत, पाण्याचे जाड पाइप वाकवून वर पिंजरा केलात, पत्रा जवळजवळ सगळा काढून टाकलात. कारखान्याची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. तुम्ही वेल्डिंग सुरू केलं की आतला बल्ब मिचमिचायचा आणि अम्मी लाटण्याने भिंत ठोकायची. तुम्ही इकडून हातोडीने ठोकून उत्तर द्यायचात. मग मामू यायचा. अम्मीचा धाकटा भाऊ, जव्हार-मोखाडा-खोडाळा मार्गावरचा सगळ्यात चांगला ड्रायव्हर. यायचा तो सरळ स्वयंपाकघरात, पातेल्याचं झाकण उघडून वास घ्यायचा आणि मग तुमच्याकडे. "काय दाजी, विमान कधी उडणार?" तुम्ही म्हणायचात, "तू जेवणं कमी कर, मग उडेल." गाडी तोच चालवणार हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं.

शर्यतीचा दिवस मला फार थोडा आठवतो. एक छोटासा उंचवटा होता, त्यावरून बाकीच्या गाड्या कशाबशा गेल्या होत्या. आपली गाडी त्यावर चढली, आणि चारही चाकं जमीन सोडून वर गेली. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. खाली आली ती एका चाकावर, मग पुन्हा उडाली, कुशीवर पडली, आणि उलटली. पिंजऱ्याचा एक सांधा उघडला आणि पाइप मामूच्या खांद्यावर बसला. इस्पितळात, वेदनेत, मामू म्हणाला, "दाजी, तुमचं वेल्डिंग सुटलं." आणि तुम्ही, घाबरलेले, उभ्याउभ्या म्हणालात, "तू उडवलीस कशाला इतकी?" ही दोन वाक्यं. यापेक्षा वाईट वाक्यं आपल्या गल्लीत रोज पाण्याच्या नळावर बोलली जातात आणि संध्याकाळी विसरली जातात. ही राहिली. मामूचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, ड्रायव्हरकी सुटली, त्याने खोडाळ्याला बाजारात बांगड्या-टिकल्यांचं दुकान टाकलं. पुढच्या वर्षी तुम्ही काविळीने गेलात. मामू मातीला आला, डाव्या हाताने तीन मुठी माती दिली आणि आपल्या घरी पाणीही न पिता निघून गेला. त्यानंतर अम्मी खोडाळ्याला जाते, त्याच्या दुकानात बसते, बोलून येते. तो इकडे येत नाही. ईदच्या दिवशी ती शीरखुर्म्याचा डबा जीपवाल्याच्या हाती पाठवते आणि संध्याकाळी डबा धुऊन परत येतो.

मी गाडी उघडली तेव्हा सगळ्यात आधी तो सांधा पाहिला. तुम्हीच शिकवलं होतं की आधीपासून भेग असेल तर तुटल्या जागी काळा गंज दिसतो आणि धातू एका झटक्यात तुटला असेल तर ती जागा चमकते. पण इतक्या वर्षांच्या जव्हारच्या पावसात सगळंच एका रंगाचं झालं होतं. मी पॉलिश पेपर घेऊन बसलो, भिंग आणलं, काही कळलं नाही. मी दोन दिवस गाडीला हात लावला नाही. मग ठरवलं की काही कळणार नसेल तर निदान जशी होती तशी बांधू. पाइप सरळ केले, नाही झाले ते कापून नवे घातले. इंजिन उतरवलं, धुतलं, तासलं. दिवसा जीपवाल्यांची कामं आणि रात्रीची जेवणं झाली की ही, असं जवळपास वर्ष गेलं. पाटे तेवढे चांगले निघाले. चाकांच्या वर एकावर एक रचलेल्या त्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर सगळी गाडी तोललेली असते, त्यातली एकही तडकली नव्हती. मी त्या घासल्या, तेल लावलं आणि तुम्ही लावलेल्या क्रमानेच परत चढवल्या. मला त्याचा अभिमान वाटला होता. म्हटलं, बघा, अब्बांचं काम.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली ती गावाबाहेरच्या माळावर, मोखाड्याच्या रस्त्याला लागून. मी तिला जेमतेम धावू दिलं असेल आणि एका बांधावरून ती अशी उसळली की माझे दात आपटले. पुन्हा हळू घेतली. पुन्हा उसळली. रस्त्यावर एक भरलेली जीप थांबली होती. आपल्याकडेच काम करून घेणारा मोखाड्याकडचा ड्रायव्हर, खिडकीत कोपर टेकवून बघत होता. "अरे ही गाडी हाय का बोकड?" त्याच्यामागून बाजाराला निघालेली माणसं उतरली, बाया उतरल्या, तंगड्या मोकळ्या करायला निमित्तच हवं होतं. मी म्हटलं, काका, सगळं नीट बसवलंय, तरी उड्या मारते. त्याने खाली वाकून पाहिलं आणि हसायला लागला. "पाटे तुझ्या बापानं घातले ना? माझ्या जीपला हायेत तेच हे. रिकामी हाय म्हणून नाचते ती. चला रं, बसा सगळे." मी नको नको म्हणेपर्यंत लोक चढले. पिंजऱ्याच्या पाइपांना धरून, मागे लटकून, एक म्हातारी तर माझ्या बाजूला कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन. "पाडलंस तर कोंबडी भरून द्यायला लागंल," म्हणाली. गाडी खाली बसली. मी निघालो, त्याच बांधावरून गेलो, आणि अब्बा, ती होडीसारखी गेली. लोक ओरडत होते, म्हातारी शिव्या देत होती, मला स्टिअरिंग धरवत नव्हतं.

आपल्या इथे जीप कंपनीने जशी दिली तशी चालत नाही. बाजारच्या दिवशी बॉनेटवर माणसं, टपावर माणसं, पायरीवर माणसं. म्हणून जीप आली की तुम्ही आधी पाटे वाढवायचात, मालकाने सांगो वा न सांगो. "ही किती माणसांची आहे, ते कंपनीला विचारू नको, घाटाला विचार," म्हणायचात. पण ही तुमची सवय नेमकी कधीपासूनची, तेही मला आठवतं. ज्या वर्षी वावर-वांगणीकडून भुकेने खंगलेली मुलं दवाखान्यात आणत होते, त्या वर्षी अशीच एक जीप पाटा तुटून अर्ध्या वाटेत बसली आणि तुम्हाला निरोप आला. तुम्ही पाटा खांद्यावर घेऊन निघालात, पुढे मिळेल त्या गाडीने गेलात. परत आलात तेव्हा अम्मीने ताट वाढलं. तुम्ही हात धुतलेत आणि ताटासमोर नुसते बसून राहिलात. अम्मीने विचारलं, "मिळाली गाडी? पोचली मुलं?" तुम्ही एवढंच म्हणालात, "तीन बाया होत्या. मुलं मांडीवर. रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या." पोचली की नाही, ते तुम्ही कधीच सांगितलं नाही. त्यानंतर आपल्या कारखान्यातून एकही गाडी जादा पाट्याशिवाय बाहेर गेली नाही. शर्यतीच्या गाडीत एकच माणूस बसणार होता. ती तुम्ही पत्रा काढून हलकी केलीत, आणि तिला पाटे घातलेत वीस माणसांचे. तुमच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

मी पुढच्या बाजाराला खोडाळ्याला गेलो. मामू गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवत होता, डाव्या हाताने मनगट धरून, उजव्याने अलगद. ती बाई गेल्यावर म्हणाला, "बोल भांजे, अम्मी बरी आहे ना?" मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. गाडी बांधली, चालवली, उडाली, माणसं बसवल्यावर उडाली नाही. सांधा नंतर उघडला, म्हटलं, गाडी आधी उडाली होती, आणि उडाली ती पाट्यांमुळे. मामू बराच वेळ बांगड्यांचे तोडे उगाच सारखे करत राहिला. "म्हणजे मी उडवली नव्हती."

"नाही मामू."

"मी कितीदा सांगितलं, मी पाय हलकाच ठेवला होता. कुणी ऐकलं?" मग थोड्या वेळाने, "आणि वेल्डिंग?"

"तसं आपटल्यावर कुणाचंही वेल्डिंग सुटलं असतं."

तो हसला. हसता हसता डोळे पुसले आणि गल्ल्याकडे तोंड फिरवलं. "दाजीला सांगायचं ना रे कुणीतरी. मला एकट्यालाच बसायचं होतं." शेजारच्या दुकानदाराने विचारलं, काय झालं भाई, तर म्हणाला, "काही नाही. माझ्या दाजीने मला वीस माणसांएवढा जड धरला."

शुक्रवारी नमाजनंतर मामू घरी आला. अम्मी दारात उभी राहिली आणि त्याला रागावली, की चपला बाहेर काढ, मी आत्ताच सारवलंय. तो सरळ आत गेला आणि पातेल्याचं झाकण उघडलं. अम्मी तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळली. तेव्हापासून तो येतो. मी पाटे कमी करून गाडी नीट केली आहे, आणि मागच्या आठवड्यात त्याला बाजूला बसवून माळावर फिरवून आणलं. तो सगळा वेळ मला गिअर कधी बदलायचा ते सांगत होता.

आता जे लिहितो ते फक्त तुमच्यासाठी. मामूला मी जे इतक्या ठामपणे सांगितलं, ते मला तितकं ठामपणे माहीत नाही. पाट्यांमुळे गाडी उसळते, हे मी पाहिलं. पण त्या दिवशी ती तेवढ्याचमुळे उलटली का, की मामूने पायही दाबला होता, की सांध्यात आधीपासून भेग होती, हे त्या गंजातून मला वाचता आलं नाही. मी मोजल्याशिवाय कधी बोलत नाही. त्या दिवशी दुकानात बोललो, आणि मामू आणखी एकदा विचारायला आला तर तेच बोलेन. पडवीत त्याचा आवाज येतो आहे, अम्मी मला जेवायला हाका मारते आहे. हा कागद चुलीत घालून मी ताटावर जाऊन बसतो.